दम

तांबळडेगला पहाटे रापण लागते,
समुद्रातून दोन दोर वाळूवर येतात
आणि एकेका दोराला वीस-बावीस माणसं.
माझा बापूस डाव्या दोराच्या शेवटाला,
जिथं ओढण्यासारखं काही उरत नाही,
ओल्या दोराचं नुसतं वेटोळं घालायचं.

आधी तो पाण्यात असायचा, छातीएवढ्या.
जिवाजी तारीच्या अंगात दम आहे, म्हणायचे.
आता देवगडचा डॉक्टर म्हणतो, दमा आहे.
एका कान्याचा फरक.

चौथीत बाईंनी 'बळ'चा समानार्थी शब्द विचारला,
मी दम लिहिला. लाल फुली आली.
आमच्याकडे तर तोच चालायचा:
आई आम्हाला तो द्यायची, हातात पळी घेऊन,
पाटीवाल्या बायका घाटीच्या मध्यावर तो खायच्या,
बापूस बिडीतून मारायचा.
संपला तरी नाव तेच, लागला.

रात्री तो खाटेच्या कडेला बसतो,
तळवे गुडघ्यांवर, खांदे कानांपाशी,
आतून कुणीतरी जाळं खेचतंय
आणि ते रिकामंच येतंय, अशी शिट्टी.
मी वाफेचं मशीन लावते. तो मला म्हणतो, नीज गो.

परवा जाळं जड आलं.
दोर तारेसारखा ताणला,
लाट मागे सरत होती आणि पोरं उलट ओढत होती,
टाचा वाळूत, मानेच्या शिरा वर, होय्या होय्या,
कुठंतरी एक काशा तुटल्याचा आवाज.
बापूस वेटोळ्यावरून उठला. हात वर केला.
"दम धरा," म्हणाला.
तिसरा शब्द त्याच्यापाशी नव्हता.

चाळीस माणसं थांबली.
दोर सोडला नाही, ओढलाही नाही,
नुसता धरला.
मग पुढची लाट आली
आणि तिनंच जाळं आणून दिलं.

वाटे घातले तेव्हा खवणेकरांच्या केदारनं
बापसाचा अर्धा वाटा काढला, नेहमीचा,
मग काय वाटलं, चार बांगडे वर टाकले,
पाचवा उचलला, परत ठेवला.

घरी येताना सुरूच्या बनात बापूस तीनदा थांबला.
मी पुढे गेले नाही, मागे वळून बघितलंही नाही,
झाडाची साल नखानं काढत राहिले.
पिशवीत वरचा एक बांगडा
अजून तोंड उघडत होता, मिटत होता.
मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.