सोबत जोडले आहे

अकरावी ब, चोपडा. दोन पंख्यांखाली बत्तीस पोरं
आणि मोजायला बसलो तर पाच भाषा.
वैजापूरच्या गाडीने येणारी पावरी बोलतात,
खिडकीजवळच्या दोघी आपसात उर्दू,
हितेंद्र गुजरी, पण फक्त फोनवर, आईशी.
मी अहिराणीचा. ती मी बी.एड.च्या वर्षी
जळगावच्या बसस्टँडवर ठेवली,
अजून तिथंच असेल, चौकशीच्या खिडकीशी.

आज औपचारिक पत्र.
प्रति, विषय, खाली रेघ,
शेवटी सोबत काय जोडलंय त्याची यादी.
विषय मीच दिला: वसतिगृहाच्या गृहपालांना तक्रार.
कुणी पंखा लिहिला, कुणी गळका नळ.
नाजनीन अडून बसली,
सर, उनको डिअर कैसे लिखें, वो तो डाँटते हैं.

रुमल्या पावराने शब्दकोश मागून घेतला,
‘लागणे’वर बोट ठेवून बराच वेळ बसला.
मग लिहिलं:
सर, हंगर इज अटॅच्ड टु मी सिन्स सॅटरडे.

वर्ग हसला नाही. मी हसलो,
आणि खडू घेतला, कारण चूक देखणी होती.
आपल्याकडे भूक लागते, बाहेरून येऊन,
जशी नजर लागते, ठेच लागते, नाद लागतो.
मुझे भूक लगी. माले भूक लागनी.
(किती वर्षांनी निघाली तोंडातून!)
मागच्या बाकावरून कुणीतरी, सर, माले बी,
तेव्हा मात्र सगळे हसले.
इंग्रजीत तसं नाही, म्हणालो.
तिथं कर्ता पहिल्या जागी,
जे काही असेल ते त्याच्या नावावर.
तुमच्यात कसं म्हणतात रे?
रुमल्याने सांगितलं.
मला ते ऐकू आलं, फळ्यावर लिहिता आलं नाही.

वही ओढली. लाल पेनाने ‘अटॅच्ड’ खोडलं,
‘आय’ पुढे आणून बसवला,
‘इज’चं ‘हॅव बीन’ केलं आणि समजावलं,
शनिवारी सुरू झालं, अजून संपलेलं नाही,
म्हणून हा काळ.
‘सिन्स’ बरोबर होतं. त्याला खूण.
पाचापैकी साडेतीन.

बुधवार होता.
मधल्या सुट्टीत मी डबा उघडला
तर तो स्टाफरूमच्या दारात,
नवा कागद, समास सोडलेला, स्वच्छ अक्षर,
माझी एकूण एक दुरुस्ती जिथल्या तिथे.

सर, आता बरोबर आहे ना?
मग हे द्यायचं कुणाकडे?