चिंध्यांची खोली

आई जुनं कापड फेकत नसे.
बाबांचे जंगलात फाटलेले सदरे, विरलेल्या चादरी,
माझा टोमॅटोच्या रंगाचा फ्रॉक
(त्यासाठी मी दोन दिवस अबोला धरला होता),
सगळं मागच्या खोलीत जायचं.
तिथे ती बसायची कात्री घेऊन,
बोटभर रुंद पट्ट्या कापत.
पट्ट्यांचे गुंडे, गुंड्यांची सतरंजी.
कुहमोच्या हिवाळ्यात दुपारी दोनला दिवा लागे,
त्यानंतर कात्रीची करकर
हेच आमचं घड्याळ.

इल्पो तिच्या पायाशी, गुंडे करायला.
त्याचे कान सारखे फुटायचे. बोलायला उशिरा लागला,
पण लागला तो रंगांना नावं ठेवतच.
निळा म्हणजे शाळा.
पिवळा म्हणजे पोस्टाची बस.
करडा म्हणजे बाबांची करवत, आणि
लाल म्हणजे
"आइला रडते."
आइला म्हणजे मी.

ओउलूच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या लघवीचा थेंब
कागदावर चढवला
आणि जिथे काहीच नको होतं
तिथे जांभळा ठिपका उमटला.
म्हणाल्या, प्रत्येक पेशीत असते एक बारकी खोली.
जुनंपानं तिथे येतं, कापलं जातं, पुन्हा कामी लागतं.
तुमच्या मुलाच्या खोलीत एक कात्री नाही.
साखरेचा दोरा प्रथिनापासून तोडते, ती.
बाकी सगळ्या आहेत.

"एकच ना?" आई म्हणाली,
आणि तिने पर्स उघडली.
मला क्षणभर वाटलं, आता ही आपली काढून देणार.
रुमाल निघाला.

मग कोणीतरी चर्चच्या वह्या चाळल्या.
आईचे आजोबा, बाबांची पणजी,
मागे जाता जाता सगळ्या वाटा
एकाच मोकळ्या जागेत शिरल्या:
रान जाळून सातू पेरणारा एक माणूस,
त्याची बायको, आठ पोरं.
चिडावं म्हटलं तर नावावर शाई सांडलेली.
त्यालाही ठाऊक नसणार
आपल्याजवळ दोनातली एकच कात्री आहे.
एकीवर भागतं.
माझंही भागतंय. तसं पत्र आलंय मला,
दवाखान्याच्या शिक्क्याचं.
ते मी ड्रॉवरमध्ये नीट ठेवलंय. आमच्याकडे काही फेकत नाहीत.

सोळाव्या वर्षापर्यंत इल्पो शिकत गेला.
बुटाची नाडी. सायकल. स्वतःची सही, तिरपी.
मग उतार लागला.
त्याच्या पेशी तर काहीच टाकत नव्हत्या,
एकेक कोठडी तुडुंब, दार लागेना,
आणि तो मात्र
आधी पोस्टाची बस विसरला,
मग सही,
मग बाबांची करवत, बाबा असतानाच.
लोक म्हणत, तुमचा इल्पो शांत झाला हो.
आई मान हलवायची. घरी येऊन
पुष्कळ कापड कापायची, लागणार नव्हतं तेही.

शेवटची सतरंजी तिने त्याच्याच कपड्यांची विणली.
एका टोकाला बाळाचं अंगरखं,
मग शाळेचा निळा सदरा, मग मोठे, मग फार मोठे,
दुसऱ्या टोकाला सैल पायजम्याचा करडा रंग.
तिथे दोरे मोकळेच सोडलेत.
गाठी मारायला विसरली, असं ती सांगायची.

जुलैत मी ती तळ्याच्या धक्क्यावर नेते.
पाइनचा साबण, ताठ ब्रश, गुडघ्याखाली ओली फळी.
इल्पोला खुर्ची. आता त्रेचाळीसचा आहे,
केस पांढरे, हात जड.
डास त्याला चावतात, तो मारत नाही.
यंदा मी विचारलं, निळा म्हणजे काय रे?
उगाच. दर वर्षी विचारते.
पाणी फळीखाली डुबडुबत राहिलं.
तो उठला. माझ्या हातातला ब्रश घेतला,
निळ्या पट्ट्यावर टेकवला
आणि घासत बसला,
तेवढाच पट्टा,
फेस वाळून गेला तरी,
जेवणाची वेळ टळेपर्यंत.

मी घासू दिलं.