आधीचा फोटो

दहिवेलच्या पुढे किलोमीटरचा दगड धुईत बुडालेला.
पिंजारी साहेबांनी तो हात फिरवून वाचला, आंधळ्यासारखा,
आणि म्हणाले, हाच. इथून सुरू करा.

मी लग्नांचे फोटो काढते.
साक्रीत बसस्टँडमागे स्टुडिओ, पासपोर्ट पाच मिनिटांत.
वादळाचं काम पहिल्यांदाच आलं.
ठेकेदाराच्या बिलाला झाडामागे तीन फोटो लागतात :
आधी, काम चालू असताना, नंतर.
नवरीचेही तीनच असतात, म्हटलं, जमेल.

पण निंब रस्त्यात नव्हताच.
कडेला ओंडके, पानांचा ढीग, भुसा ओला होऊन पिवळा,
आणि करवतीवर बसून बिडी ओढणारा सुपडू.
‘रातलेच मोकया करी टाका बठ्ठा रस्ता.
दूधनी गाडी थांबेल व्हती ना, ताई.’
दूध नासलं असतं. बरोबर आहे.
साहेबांनी कपाळावरून रुमाल फिरवला.
मग आधीचा फोटो कुठून आणायचा?

थोडा वेळ कुणीच बोललं नाही.
शेतात मका झोपलेला होता, असावा,
दिसत नव्हता, नुसता ओल्या चिपाडाचा वास येत होता.
मी ओढणीने लेन्स पुसली. पुन्हा पुसली.
धुई आतूनच येते की काय असं वाटावं इतक्या वेळा.

शेवटी सगळ्यांना माहीत होतं तेच झालं.
सुपडू उठला, त्याचे दोन पुतणे उठले,
रमकीबाईने पदर खोचला,
आणि रात्री बाजूला सारलेली फांदी
त्यांनी सकाळी परत रस्त्यावर आणली,
हळू, तिला लागू नये अशी.
‘थोडी तिरपी,’ साहेब म्हणाले, ‘पडल्यासारखी.’
तिरपी केली.
मी म्हटलं, हलू नका. मग आठवलं,
या फोटोत माणसं नकोत.
ती चौघं दोन पावलं मागे गेली
आणि तेवढ्यात नाहीशी झाली.

एवढ्यात दोन पिवळे डाग.
मग हॉर्न. मग ब्रेक, लांबलचक.
नवापूरची एसटी फांदीपासून हातभर अंतरावर उभी,
वायपर अजून चालू.
ड्रायव्हर उतरला, मफलर कानावर :
‘दोन दिवस झाले राव वादळाला! अजून पडूनच?’
कुणी काही सांगायच्या आत त्याने बुंध्याला हात घातला.
कंडक्टरने तिकिटांचं मशीन छातीवरून पाठीवर ढकललं.
कॉलेजची पोरं उतरली, एक म्हातारा उतरला,
त्याला कुणी ओढू दिलं नाही, तरी तो ‘हं, हं, हैसा’ म्हणत राहिला.
साहेबांनीही हात लावला.
न लावून कसं चाललं असतं?

हा दुसरा फोटो. काम चालू असताना.
यातलं काहीच मी मांडलेलं नाही.
एकाची चप्पल निसटली आहे,
ड्रायव्हरच्या भुवयांवर पाणी साठलंय,
आणि सुपडू हसू दाबतोय, खाली बघून,
लग्नात नवरदेवाचा धाकटा भाऊ दाबतो तसं.

एसटी गेली. आभार मानून गेली ती, आमचे.

नंतरचा फोटो सोपा. रिकामा रस्ता, पांढरा पट्टा,
तोही दहा पावलांवर पुसलेला.
साहेबांनी स्क्रीन जवळ धरला, लांब धरला.
‘हा झाडाआधीचा वाटतो,’ म्हणाले,
‘झाड लावलं त्याच्याही आधीचा.’
आणि मग, जरा थांबून : ‘असू दे. चालेल.’

मी बॅग भरत होते, तर रमकीबाई म्हणाली,
‘मन्हा काढ ना एक.’
शेळ्यांसाठी पाला बांधला होता तिने,
वर चुलीसाठी सालीची एक फळी,
लाल-पांढऱ्या पट्ट्याची, मधे नंबर १४२.
उभी राहा म्हटलं, तर ती चालायलाच लागली,
घरी शेळ्या ओरडत असतील.
मी पाठीमागून काढला.

पाठ आली नाही. पालाही नाही.
रस्त्यापासून पाच फुटांवर
एकशे बेचाळीस नंबर
घरी चाललाय.