साल

दिल्लीहून रेल्वे पार्सलनं डबे यायचे,
पत्र्याचे, चपटे, जिलबीच्या ताटाएवढे.
छावणीतला बब्बन ते सायकलच्या कॅरिअरला आवळून
रामबागेतल्या शाळेत आणायचा.
पडदा म्हणजे दोन चादरी, मधे शिवण,
ललिताबाई बुळ्यांनी घातलेली, दुहेरी, पक्की.
त्यामुळे आम्ही इंदुरात बसून पाहिलेल्या जगातल्या
प्रत्येक चेहऱ्याला
कपाळापासून हनुवटीपर्यंत एक रेघ होती.

त्या शनिवारी मेक्सिको होतं.
मला ते नकाशाच्या नेमकं घडीत गेलेलं आठवत होतं,
कागद झिजून तिथं भोक पडलेलं.

खाली इंग्रजी अक्षरं पळायची
आणि पागनीस ती मराठीत सांगायचे,
पडद्याच्या डाव्या अंगाला उभे, हातात टॉर्च.
मिलच्या टाइमऑफिसातला माणूस,
आवाज हजेरी घेतल्यासारखा:
तो म्हणतो, दार उघड.
ती म्हणते, नाही.
लोकांना तेवढं पुरायचं.

पहिल्या रिळात जत्रा.
साखरेच्या कवट्या, कवटीच्या कपाळावर नाव,
आणि पोरं आपापल्या नावाची कवटी
कडाकडा फोडून खाताहेत.
मागून कुणीतरी म्हणालं,
आपल्याकडे होळीला हार-कंगन, यांच्याकडे हे!
खूप हसलो.
कापलेल्या कागदांची तोरणं. थडग्यांवर फुलं, ढिगानं.
चित्रपटाला रंग नव्हता,
तरी फुलवाली मैनाबाई उठून उभीच राहिली:
अगं बाई, हा तर झेंडू!
खाली बसा, खाली बसा.

तिसऱ्या रिळात मिठागर लागलं.
पांढरी जमीन, पांढरं आभाळ,
आणि अक्षरंही पांढरीच.
पांढऱ्यावर पांढरी.
पागनिसांचा टॉर्च हलला, थांबला.
पडद्यावर म्हातारी, शिवण बरोबर तिच्या ओठांतून,
कुणालातरी बोलत होती, समोर नसलेल्या,
आणि फिरून फिरून एकच शब्द:
साल. साल.

पागनिसांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, घातला.
मग बोलले. हजेरीचा आवाज नव्हता तो.

ती म्हणते, हे साल गेलं.
तेही साल गेलं.
ताट मांडत नाही मी आता तुझं.
पण तांब्या अजून दोघांपुरता भरला जातो,
हाताला कुणी सांगितलेलं नाही.

कुणाच्याच तोंडात शेव वाजली नाही.
चैत्रापासून पागनीस
खानावळीतून डबा आणायचे.

सोमवारी डबे परत गेले.
त्याआधी रीळ गुंडाळायचं काम माझं, तेरा वर्षांच्या पोराचं.
तिसरं मी दोनदा गुंडाळलं,
एकेक चौकट बल्बसमोर धरून.
अक्षर नव्हतं. कुठंच नव्हतं.

आता विजयनगरला, सातव्या मजल्यावर,
नातीनं तोच चित्रपट फोनवर काढून दिला.
अक्षरं पिवळी, ठळक, माझ्या डोळ्यांनाही दिसतील अशी.
म्हातारी म्हणत होती:
मीठ बत्तीस पोती. अर्धं मीठ ओलं निघालं.
खेचर विकलं.
मिठाच्या दलालाचे अकरा पेसो
तू देऊन तरी जायचंस.

साल म्हणजे मीठ, आजोबा,
नात म्हणाली. ती शिकतेय ती भाषा.

मी हसलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत,
टाइमऑफिसातल्या त्या माणसाला, त्याच्या टॉर्चला.
मग अकरा पेसो म्हणताना
तिचा आवाज जिथं अडकला
तिथं मी पुन्हा मागं गेलो.
पुन्हा.
खालच्या पट्टीवर अंगठा ठेवला.

काय म्हणतेय ती? नातीनं विचारलं,
तिला येत असूनही.

ती म्हणते, मी म्हणालो,
आणि त्या स्वच्छ, अखंड चेहऱ्यावर
शिवण शोधत राहिलो.