खिळा

छंगजू शहराच्या कडेला तळघरातली खोली.
भिंती हातभर जाड, काच तीनपदरी.
माझं काम एकच:
भरलेल्या बॅटरीत खिळा घालायचा
आणि वाट बघायची.

सात वर्षं बघतेय.
आधी पोट फुगतं, मग फुसकारा,
मग तो पांढरा जाळ, पाण्याला न जुमानणारा.
काच एकपदरी होती तेव्हा
माझ्या भुवया गेल्या.
ब्योंगदू म्हणतो, तुला बघूनच बॅटऱ्या धसका घेतात.

आज नवी जात आली. आत द्रव नाही,
चिनीमातीसारखं कोरडं, करकरीत काहीतरी.
खिळा गेला.
पाच सेकंद. चाळीस.
काटा दोन अंश हलला
आणि बसला जागेवर, पोटभर जेवलेल्या माणसासारखा.
जोडलेला दिवा तेवतच राहिला
खिळ्यासकट.

वहीत लिहिलं: काही घडलं नाही.
एवढं लिहिताना हात अडखळला,
सवयच नव्हती.

ब्योंगदूने टाळ्या पिटल्या, वर फोन लावला.
मी काचेपासून हलले नाही.
ही एक बॅटरी. एक खिळा. तोही माझ्या हातचा, सरळ.
लाखभर गाड्यांमध्ये, गोठल्या रस्त्यावर,
कुणाच्या तरी पोराच्या खोलीत, रात्री तीनला
तिच्या बहिणी कशा वागतील
ते खिळ्याला काय ठाऊक?

घरी फोन चार्जिंगला लावला
नेहमीच्या जागी, पलंगापासून लांब,
आईच्या किमचीच्या रिकाम्या मडक्यात.
दिवा मालवला. पडून राहिले.
मग उठले
आणि मडकं जवळ ओढलं.
वीतभर.