प्रसिद्धीसाठी

संघाचा सहसचिव म्हणून माझ्याकडे तीन कामं:
खुर्च्या मोजणं, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं,
आणि पुरस्कार मिळालेल्यांची बातमी करणं.
खुर्च्या जमतात. पाहुणे येतातच.
बातमी होत नाही.

कारण आमचं काम नीट झालं की दिसत नाही.
ग्वाल्हेरभर, कंपूच्या मोठ्या दवाखान्यापासून
लश्करातल्या जिन्याखालच्या खोल्यांपर्यंत
आम्ही प्रयोगशाळेची माणसं
दुसऱ्याचं रक्त काचेवर पसरतो, वाळवतो, रंगवतो.
खाली सही भलत्याचीच.

यंदा कुंदा वाळिंबे.
फोनवर म्हटलं, ताई, दोन ओळी द्या, विशेष काय केलंत.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
"एकतीस वर्षं पेशी मोजल्या," म्हणाल्या.
मग बऱ्याच वेळाने,
"शंका आली की परत मोजल्या."

एवढ्यावर कॉलम कसा भरायचा?
समर्पित, अथक, निःस्वार्थ:
गेल्या वर्षीच्या राठौरजींच्या बातमीतले शब्द
झटकून पुन्हा वापरले.
शालीही आम्ही एकाच दुकानातून आणतो.

बातमी इथे हिंदीतच जाते.
आडनावातला ळ मी हाताने काढून दिला,
खाली दोन रेघा ओढल्या.
डेस्कवरचा मुलगा भला. म्हणाला,
"टाइप में तो है, अंकल, पर पढ़ेगा कौन?"

सकाळी पान सातवर, कोचिंग क्लासच्या जाहिरातीखाली,
कुंदा वालिंबे.
फोटोत पाहुणे पूर्ण, नारळ पूर्ण,
ताईंचा एक खांदा आणि अर्धा चष्मा.

कात्रण घेऊन माफी मागायला गेलो,
पाटणकर बाजाराच्या मागे, दुसरा मजला.
त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं, काच धरतात तसं,
आधी कडा पाहिल्या, मग मधला भाग.
"अकरा चुका. माझ्या नावाची त्यात एकच."

मी काही बोलणार, तर म्हणाल्या,
"बाबांच्या मार्कशीटपासून हेच चाललंय.
घरात ळ, उंबऱ्याबाहेर ल.
तुम्ही पाहिलीय ना पेशी दुभंगताना?
दोन वाटोळी, मध्ये चिमटा घेतल्यासारखी.
रात्रपाळीला मज्जेच्या काचेवर एखादी अशी दिसली
की वाटायचं, चला,
कुणीतरी आपलं नाव बरोबर लिहितंय."

हे बातमीत घालायचं होतं.
चहा प्यालो. बशीत एकच बिस्कीट उरलं,
ते दोघांनीही घेतलं नाही.

मग राहिला सभागृहातला फलक.
नसीम पेंटर स्टुलावर चढले,
'वा' लिहिला, वेलांटीसाठी जागा सोडली आणि थांबले.
"ये कौन सा अक्षर हुआ, साब?"
मी कात्रणाच्या पाठीवर काढून दाखवला.
"आठ को लिटा दिया," म्हणाले,
आणि आपल्याच मनगटावर सोनेरी रंगात
तीनदा गिरवून पाहिला.
चौथा फलकावर उतरवला.
शेजारच्या अक्षरांपेक्षा जरा थोराड झाला,
ओला होता तोवर हलतोय असं वाटलं.

"ब्रश में माल बचा है। और कहीं लगाना है?"

मी वर पाहिलं.
इतकी वर्षं याच फलकाखाली मी खुर्च्या मोजल्या.
१९७८, मा. ग. काले.
१९८५, देवल. हा ल मूळचाच, की देवळ?
१९९३, शकुंतला पिंपलखरे.
२००२, कोल्हटकर; हे बरोबर.
विचारायचं कुणाला? काले गेले, पिंपलखरे
मुलाकडे कुठेतरी, पत्ता आमच्याकडे जुना.

बोट धरून खालपर्यंत आलो.
सहा. की सात?
नसीमभाईंना म्हटलं, थांबा जरा,
आणि पहिल्या ओळीपासून परत मोजू लागलो.