वाऱ्याच्या बाजूचा खांदा

ओब्दुलिया येते ती ओहोटी संपल्यावर.
माझ्या दवाखान्याच्या घड्याळाला ती मोजत नाही.
मांडीपर्यंतचे रबरी बूट दाराशी काढते,
ओल्या मोज्यांनी आत येते
आणि आरशासमोर उभी राहते
पकडून आणल्यासारखी.

डावा खांदा उजव्याहून दोन बोटं वर.
मान पुढे. पाठीला पोक.
मी कोपऱ्यातला प्लास्टिकचा सांगाडा ओढून आणते
(त्याच्या बरगडीत कुणीतरी सिगारेट खोचून ठेवली आहे)
आणि सांगते: हा फरा असा पुढे सरकला
की वरच्या हाडाखाली जागाच उरत नाही,
स्नायूची दोरी फटीत चेंगरते,
दारात सापडलेल्या बोटासारखी.
दुखतो खांदा, पण खोड आहे ती उभं राहण्यात.

"उभी कुठे असते मी?" ती म्हणते.
"मी वाकलेली असते."

खरं आहे. अठ्ठेचाळीस वर्षं
आरोसाच्या खाडीत, पोटऱ्यांइतक्या गार पाण्यात
दाताळं ओढायचं, चिखल चाळायचा,
तिसऱ्या वेचायच्या, बारक्या परत टाकायच्या.
जन्म समुद्राकाठी गेला
आणि समुद्र पाहिला तो कंबर धरून,
दोन ओढींच्या मध्ये.

मी व्यायाम दिले. हनुवटी आत. टाचा भिंतीला.
फरा मागच्या खिशात घालायचाय असं समज.
तिनं समजून घेतलं. खांदा खाली आला.
माझा हात निघाला, आणि
पाण्यात दाबलेल्या बुचासारखा
तो पुन्हा वर.

शिवाय दाताळं ती ओढते उजव्या हातानं.
मग दुखावं डाव्यानं का?
माझ्या पुस्तकांत याचं उत्तर नव्हतं,
म्हणून मार्चमधल्या एका पहाटे
मीच गेले खाडीवर, भावाचे बूट घालून.

तीसेक बायका, ओळीनं वाकलेल्या.
वायव्येचा वारा, मिठानं भरलेला.
सगळ्यांनी त्याला पाठ दिलेली.
एकटी ओब्दुलिया त्याला आडवी,
डावा खांदा उचलून,
खिडकीचं एकच झडप लावून घ्यावं तशी.
तिच्या उजवीला हातभर जागा मोकळी.
तिसऱ्या तिथेही असणार,
पण कुणाचं दाताळं तिथे पडत नव्हतं.

"सेल्साची जागा," मारुशा म्हणाली, हात न थांबवता.
"छातीची दुखणेकरी. एवढीशी होती.
ही तिचा वारा अडवायची.
नाताळच्या आधी गेली ती.
आम्ही सहाजणींनी खांदा दिला,
हिनं डावा."

पुढच्या खेपेला मी सांगाडा पडद्यामागेच ठेवला.
खांद्यावर हात ठेवला, दाबला नाही.
विचारलं, सेल्सा काय बोलायची गं दिवसभर?

"बोलायची? तिचं तोंड बंद असायचं कधी!
जावयाचा कंजूषपणा,
पाद्रीबाबांचं खोटं केस,
एकदा तर भर पाण्यात हसून हसून
बुट्टी उलटी केली तिनं, चार किलो माल,
सगळा परत चिखलात, आणि वर मलाच म्हणते..."

काय म्हणाली ते सांगता सांगता
ओब्दुलिया हसायला लागली,
आणि माझ्या हाताखाली खांदा
आपसूक उतरला.
एक बोट. दोन नाही.

मग तिचं लक्ष आरशात गेलं.
तिनं तो उचलून घेतला, जिथे होता तिथे,
पदार्थ झाकून ठेवावा इतक्या सवयीनं.
"राहू दे," म्हणाली, "एवढा दुखला तर चालतो."

मी राहू दिला नाही. माझा पगार त्याचाच.
कागदावर लिहून दिलं:
भिंतीशी उभं राहणं, दहा वेळा, दिवसातून तीनदा.
कागद तिनं चौघडी करून बुटात घातला.
करते म्हणाली, नक्की करते,
ज्या दिवशी ओहोटी नसेल
त्या दिवशी.